एका घरांत जन्मलेला धंदा : दादासाहेब फाळके

चित्रपट न पाहिलेला विद्यार्थी आज शोधून सांपडणें कठीण आहे. नटनट्यांचीं नांवें मुलांस मुखोद्गत असतात. कोणत्या चित्रास किती पैसा मिळाला हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु हा एवढा अवाढव्य धंदा आपल्या देशांत प्रथम कसा उभा राहिला, असा प्रश्न केला तर बहुतेकांचें उत्तर ‘दादासाहेब फाळके’ या नांवापाशींच थांबतें. नांव बरोबर आहे. पण नांव म्हणजे हकीकत नव्हे. ती हकीकत जों जों बारकाईनें पाहावी, तों तों आम्हांस असें वाटूं लागतें कीं, भारतीय चित्रपटाचा जन्म कारखान्यांत झाला नाहीं आणि नाटकगृहांतहि झाला नाहीं. तो एका घरांत झाला. त्या घरांतील स्वयंपाकाची खोली, अंथरुणावरच्या चादरी, गृहिणीचे दागिने, तिची झोंप आणि तिचा मुलगा, हें सर्व त्या धंद्याचें पहिलें भांडवल होतें. हीच गोष्ट या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं एक खुलासा करणें जरूर आहे. दादासाहेबांच्या पूर्वीं आपल्याकडे हालतीं चित्रें कोणी पाहिलींच नव्हतीं किंवा घेतलींच नव्हतीं, असें नाहीं. फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मुंबईच्या छायाचित्रकारानें हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चलच्चित्र घेतलें. पुढें दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ हा चित्रपट १८ मे १९१२ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. तेव्हां पहिलेपणाचा मान नेमका कोणास द्यावा, याविषयीं वाद होऊं शकतो व तो होतहि असतो. परंतु ‘पुंडलिक’ हें रंगभूमीवरील नाटकाचेंच चित्रण होतें, तें घेणारा कॅमेरावाला परदेशी होता आणि फिल्म धुण्याकरितां विलायतेस पाठवावी लागली होती. कथेची जुळणी, पात्रांची निवड, चित्रण, फिल्म धुणें, तिच्या प्रती काढणें आणि खेळ लावणें हीं सर्व कामें स्वतः शिकून, येथील माणसांकडून येथेंच करून घेऊन, त्यांचा एक चालता धंदा प्रथम कोणी केला असेल तर तो दादासाहेबांनींच. त्यांच्या थोरपणाचें खरें बीज आम्हांस येथें दिसतें.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ सालीं त्यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश केला व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत राहून छायाचित्रण, मूर्तिकाम, छपाईच्या निरनिराळ्या पद्धति असें जें जें शिकतां येण्यासारखें होतें तें तें शिकून घेतलें. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या सांथींत पहिली पत्नी व मूल हीं दोन्ही दगावलीं आणि तो संसार मोडला. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सौ. सरस्वतीबाई. नंतरच्या कांहीं वर्षांत दादासाहेबांनीं पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली व ती सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईचें ज्ञान व यंत्रें मिळविण्याकरितां १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. आणि एवढें करून भागीदारांशीं न पटल्यामुळें त्या छापखान्यांतूनहि बाहेर पडले. जादूचे प्रयोगहि ते करीत असत व त्यासाठीं आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ असें नांव घेत.

चाळिशी गांठलेला, कोणत्याहि एका धंद्यांत न टिकलेला मनुष्य, असें त्या वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांच्याविषयीं म्हटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. पण पुढें जें काम त्यांच्या हातून व्हावयाचें होतें, त्यास चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचें रसायन, छापखान्यांतील यंत्रज्ञान, मूर्तिकाराचा हात आणि जादूगाराची हुलकावणी या पांचांचीहि गरज होती. विस्कळित दिसणारें शिक्षण एखाद्या हेतूभोंवतीं गोळा झालें म्हणजे कसें उपयोगीं पडतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तो हेतु त्यांस १९११ च्या सुमारास गवसला. दादासाहेब गिरगांवांतील एका चित्रगृहांत थोरल्या मुलास घेऊन गेले होते. पडद्यावर हिंडतीं फिरतीं जनावरें पाहून आलेल्या त्या मुलाच्या सांगण्यावर घरांत कोणाचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हां घरच्या मंडळींस घेऊन ते गेले. या वेळीं पडद्यावर येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट चालू होता. पाहणारे पुष्कळ होते. दादासाहेबांच्या मनांत मात्र एक निराळेंच चित्र उमटत होतें. ख्रिस्ताचें चरित्र डोळ्यांपुढून सरकत असतां आपल्यास राम व कृष्ण दिसूं लागले आणि आपल्या लोकांच्या कथा आपल्याच माणसांनीं पडद्यावर कधीं आणाव्या याची तळमळ लागली, असें त्यांनीं पुढें ‘नवयुग’ मासिकांत लिहिलें आहे. दुसऱ्यांच्या श्रद्धेचें चित्र आदरानें पाहतां पाहतां आपल्या घरच्या ठेव्याची किंमत कळावी, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या मूकपटाबद्दल त्यांस हेवा वाटला नाहीं; स्फूर्ति मात्र झाली.

स्फूर्ति क्षणाची असते, तिची किंमत पुढें चुकवावी लागते. दादासाहेबांनीं मिळतील तेवढे चित्रपट पाहण्याचा व त्यांचें तंत्र समजून घेण्याचा सपाटा लाविला. जवळ पैसा नव्हता, म्हणून घरांतील सामान एकामागून एक विकूं लागले. दिवस व रात्र सारखी नजर लावून बसल्यामुळें डोळ्यांस विकार जडला व कांहीं काळ दृष्टि जाण्याची वेळ आली. योग्य उपचारानें ती बचावली. नंतर विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनीं रक्कम उभी केली आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें ते लंडनास गेले. तेथें ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांस ते भेटले. परक्या देशांतून आलेल्या या अनोळखी गृहस्थास कॅबोर्न यांनीं आधीं या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला, पण त्यांचा निश्चय पाहून मदतहि केली व सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराची ओळख करून दिली. हेपवर्थ यांनीं आपली वॉल्टन येथील चित्रशाळा त्यांस मोकळेपणानें दाखविली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र विकत घेऊन, कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून दादासाहेब एप्रिलच्या आरंभीं परत आले. परदेशांतील त्यांचें हें सर्व शिक्षण दोन महिन्यांत उरकलें होतें.

आतां पैसा कोण देणार? पडद्यावर काय दाखवावयाचें हें शब्दांनीं सांगून सावकाराचें समाधान होत नसतें. तेव्हां दादासाहेबांनीं एका कुंडींत वाटाण्याचें बीं पेरिलें व तिच्यापुढें कॅमेरा मांडला. ठराविक वेळानें फिल्मवर एकच चित्र घ्यावयाचें, मग थांबावयाचें, पुन्हां एक चित्र घ्यावयाचें, असा क्रम महिनाभर चालला. ती फीत यंत्रांतून नेहमींच्या वेगानें फिरविली तेव्हां बीं फुटलें, अंकुर वर आला, पानें उलगडलीं आणि महिन्याचें काम मिनिटाभरांत डोळ्यांपुढें झालें. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनीं तें पाहिलें आणि पैसे दिले. ‘अंकुराची वाढ’ हें तें इवलेंसें चित्र. जो मनुष्य एका वाटाण्यासमोर महिनाभर धीर धरूं शकतो, त्याच्या हातीं पैसा देण्यास हरकत नाहीं, असेंच जणूं त्या व्यापाऱ्याच्या मनांत आलें असावें.

येथून पुढें ही हकीकत एका माणसाची राहत नाहीं. दादर येथें ‘मथुरा भवन’ या बंगल्यांत फाळके कुटुंब राहत होतें. तेंच कंपनीचें कार्यालय, तेंच रंगपट आणि तीच प्रयोगशाळा. तेथें काय काम चालत असे, हें समजण्याकरितां चित्रपटाची फीत कशी असते तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

त्या काळीं परदेशांतून येणारी कोरी फिल्म सपाट असे. तिच्या कडांस भोंकें नसत. भोंकें नसलीं तर यंत्रांतील दांत्यांस ती पुढें ओढतां येत नाहीं, आणि भोंकें वेडींवांकडीं पडलीं तर पडद्यावरील चित्र थरथरूं लागतें. म्हणून प्रत्येक फीत आधीं भोंकें पाडण्याच्या यंत्रांतून सरकवावी लागे. फिल्मवर उजेड पडून चालत नाहीं. तेव्हां हें सर्व काम अंधारांत, फार तर तांबड्या दिव्याच्या मिणमिणत्या प्रकाशांत करावयाचें. आतां थोडें गणित करूं. फिल्मच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंस चार चार भोंकें असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारें ३,७०० फूट लांब होता. म्हणजे चित्रें झालीं ५९,२०० आणि भोंकें झालीं ४,७३,६००. हा हिशेब केवळ एका फितीचा. कॅमेऱ्यांतील फितीवर उलटें चित्र उमटतें. तें सुलटें करण्याकरितां दुसऱ्या कोऱ्या फितीवर छापावें लागतें आणि त्या फितीसहि तितकींच भोंकें पाडावीं लागतात. वायां गेलेली फिल्म निराळीच. यंत्र एका दाबानें कांहीं भोंकें पाडी हें खरें. पण फीत बोटांनीं सरळ धरून पुढें सरकविणें हें माणसाचेंच काम होतें. तें काम सौ. सरस्वतीबाई करीत. दिवसभराचा संसार आटोपल्यावर, मुलें निजल्यावर, रात्रीच्या अंधारांत त्या या यंत्रापाशीं बसत.

काम एवढ्यानें संपत नसे. चित्रण झालेली फीत औषधांत बुडवून तिच्यावरचें चित्र उमटवावयाचें, दुसऱ्या औषधानें तें पक्कें करावयाचें, भरपूर पाण्यानें धुवावयाचें, धूळ लागूं न देतां वाळवावयाचें, अशी ती क्रिया आहे. औषधाचें प्रमाण किंवा पाण्याची उष्णता किंचित् बिघडली तर अनेकांच्या दिवसांचे श्रम एका घटकेंत नाहींसे होतात. हें रसायनाचें कामहि सरस्वतीबाईंनीं पतीपासून शिकून हातीं घेतलें होतें. शाळेंत जाऊन विज्ञान शिकण्याची सोय जिच्या वाट्यास आली नाहीं, अशा त्या काळच्या एका गृहिणीनें हें सर्व आत्मसात् केलें, याचें आम्हांस दादासाहेबांच्या लंडनच्या प्रवासाइतकेंच कौतुक वाटतें.

दिवसा चित्रण चाले तें सूर्याच्या उजेडावर. विजेचे मोठे दिवे त्या घरांत कोठून असणार? नटाच्या चेहऱ्याची एक बाजू काळोखांत राहूं नये म्हणून समोरून पांढऱ्या चादरी ताणून धरीत आणि त्यांवरून परावर्तित झालेलें ऊन नटाच्या तोंडावर पाडीत. त्या चादरी धरून उन्हांत उभ्या राहणाऱ्यांतहि सरस्वतीबाई असत. कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवावयाचा असे. एका फेऱ्यास आठ चित्रें, म्हणजे सेकंदास दोन फेरे. हात मंदावला कीं पडद्यावरील माणसें धांवूं लागत आणि हात घाईंत आला कीं तीं रेंगाळत. याशिवाय सारी मंडळी जेवावयास घरीं. स्वयंपाकघर एकच आणि त्याची चिंता वाहणारीहि एकच.

पात्रें मिळविणें हें तर यंत्रें मिळविण्याहून अवघड ठरलें. तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना. प्रतिष्ठित घरांतून नकार आला हें समजण्यासारखें होतें; परंतु ज्या स्त्रियांस समाज प्रतिष्ठित मानीत नसे, त्यांनींहि हें काम आपल्या योग्यतेचें मानलें नाहीं. शेवटीं ग्रँट रोडवरील एका खाणावळींत काम करणारा साळुंके नांवाचा नाजुक बांध्याचा तरुण दादासाहेबांच्या नजरेस पडला आणि तोच तारामती झाला. हरिश्चंद्राचें काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनीं केलें आणि रोहिदास झाला घरचाच भालचंद्र. चित्रपटांत काम करतों असें सांगितलें तर लोक तोंडें फिरवीत, म्हणून ‘आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत नोकरीस आहों’ असें सांगा, अशी मंडळींस सूचना होती म्हणतात. या आठवणीवरूनच २००९ सालीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट निघाला.

भालचंद्राविषयीं एक हकीकत नेहमीं सांगण्यांत येते. बाहेरगांवीं चित्रण चालू असतां खेळतां खेळतां तो दगडावर आपटून बेशुद्ध झाला. उपचार करून परत फिरावें, तर उसनवारीचा पैसा व दिवस फुकट जातात. आणि घ्यावयाचें राहिलेलें दृश्य तर मृत रोहिदासाचेंच होतें. दादासाहेबांनीं त्या निश्चेष्ट मुलाचेंच चित्रण पुरें केलें. पुष्कळ लेखक ही गोष्ट धैर्याचें उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस ती वाचतांना अभिमान वाटतो तितकाच अंगावर कांटाहि येतो. सत्त्वासाठीं पत्नी व पुत्र पणास लावणाऱ्या राजाची कथा जो मनुष्य चित्रित करीत होता, त्याच्या स्वतःच्या घरीं तीच कथा निराळ्या रूपानें चालली होती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. हरिश्चंद्राचें सत्त्व तारामतीवांचून टिकलें नसतें, हें मात्र दोन्हीकडे सारखेंच खरें आहे.

सुमारें सात महिन्यांच्या श्रमानंतर चित्र पुरें झालें. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया चित्रगृहांत निमंत्रितांकरितां त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठीं लागला. चित्राच्या आरंभींच राजा आपल्या मुलास धनुर्विद्या शिकवितांना दिसतो. चित्र मुकें होतें. संवाद व कथाभाग यांची माहिती मधून मधून पडद्यावर अक्षरांनीं दाखविली जाई. मुंबईकरांनीं तें पाहण्यास गर्दी केली. आपल्या ओळखीची कथा, आपल्या पोषाखांतील माणसें पडद्यावर हालतांना पाहण्याचा आनंद त्यांस प्रथमच मिळाला.

या यशानंतर दादासाहेबांनीं आपलें बिऱ्हाड नाशिकास हलविलें. तेथें केलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रांत दुर्गाबाई कामत यांनीं पार्वतीचें व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं मोहिनीचें काम केलें. ज्या कामास वर्षापूर्वीं एकहि स्त्री मिळत नव्हती, त्यास मायलेकी मिळाल्या. एवढ्या अल्पावधींत हवा पालटली होती. तिसरें चित्र ‘सत्यवान सावित्री’. तिन्ही चित्रें घेऊन दादासाहेब १९१४ सालीं पुन्हां विलायतेस गेले. तेथील जाणत्यांनीं त्यांची वाखाणणी केली व तेथेंच राहून चित्रें करण्याविषयीं त्यांस विचारणाहि झाली. पण ते परतले. नाशिकास त्यांच्यावर अवलंबून असलेलीं माणसें होतीं, आणि हा धंदा आपल्या भूमींत रुजावा हीच तर मूळ प्रतिज्ञा होती.

इतक्यांत पहिलें महायुद्ध पेटलें. परदेशांतून येणारी फिल्म दुर्मिळ व महाग झाली, पैसा पुरविणाऱ्यांनीं हात आखडले आणि धंदा बंद पडतो कीं काय अशी वेळ आली. या काळांत सरस्वतीबाईंच्या अंगावरील दागिने कामीं आले. अंधारांतील श्रम त्यांनीं आधींच दिले होते. आतां स्त्रीधनहि दिलें. १९१७ सालीं ‘लंकादहन’ पडद्यावर आला. त्यांत राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनींच केल्या. या चित्रास एवढी गर्दी लोटली कीं, मद्रासेकडे जमलेल्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडींतून पोलिसांच्या पहाऱ्यांत न्याव्या लागल्या, अशी आख्यायिका आहे. तिच्यांत अतिशयोक्तीचा अंश असला तरी दादासाहेबांचे बुरे दिवस पालटले, हें निश्चित.

आणि येथेंच या चरित्रांतील दुसरें वळण येतें. पैसा दिसूं लागल्यावर पैसेवाले आपण होऊन आले. १९१८ च्या आरंभीं नाशिकास ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. भांडवल मोठें झालें, कामास शिस्त आली. ‘श्रीकृष्णजन्म’ व १९१९ मधील ‘कालियामर्दन’ हीं चित्रें याच कंपनीचीं. त्यांत बाळकृष्णाचें काम दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिनें केलें. कालियाच्या फणेवर उभी असलेली ती मुलगी पाहून आजहि प्रेक्षकाचें भान हरपतें. परंतु घराची कंपनी झाली तेव्हां घरांतील एक गोष्ट मागें पडली. पूर्वीं खर्च करावयाचा कीं नाहीं याचा निर्णय पतिपत्नी विचार करून घेत. आतां तो भागीदार घेऊं लागले. उत्तम होईपर्यंत काम पुन्हां पुन्हां करावें हा कलावंताचा स्वभाव, आणि ठरल्या पैशांत ठरल्या वेळीं तें पुरें व्हावें ही व्यापाऱ्याची रीत. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें असतें. तथापि तीं दोन खरीं एका छपराखालीं सुखानें नांदत नाहींत. १९१९ सालींच दादासाहेब कंपनी सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. पुढें मनधरणी झाल्यावर ते परत आले व अनेक वर्षें त्यांनीं चित्रें केलीं. पण पूर्वीचा रंग पुन्हां भरला नाहीं.

१४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईस लागला आणि मूकपटाचे दिवस भरले. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूक स्वरूपांत तयार झाला. पण काळ बोलक्या चित्राचा आल्यामुळें त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनकरितां त्यांनीं १९३७ सालीं केलेला ‘गंगावतरण’ हाच त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट. त्यानंतर ते निवृत्त झाले. सुमारें पंचाण्णव मोठीं चित्रें व कित्येक छोटीं चित्रें ज्यांच्या हातून झालीं, ते दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें निवर्तले, त्या वेळीं पदरीं संपत्ति अशी राहिली नव्हती. ज्या धंद्यांत पुढें कोट्यवधि रुपये खेळूं लागले, त्याच्या संस्थापकाची अखेर अशी झाली.

त्यांच्या एवढ्या कृतींपैकीं आज हाताशीं काय आहे? फारच थोडें. त्या काळच्या फिल्मचा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असे व कालांतरानें तो आपोआप कुजूनहि जाई. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें व पी. के. नायर यांच्या चिकाटीनें जुन्या फितींचा शोध सुरू झाला. त्यांत ‘राजा हरिश्चंद्र’चा पहिला व शेवटचा भाग मिळाला, ते भागहि दादासाहेबांनीं १९१७ सालीं पुन्हां केलेल्या आवृत्तींतील असावेत असें अनेक अभ्यासक मानतात. ‘कालियामर्दन’ मात्र बऱ्याच अंशीं शाबूत आहे. चित्रपट कसे तयार करतात हें दाखविणारें एक छोटेखानी चित्रहि त्यांनीं केलें होतें. त्याचा जो भाग उरला आहे, त्यांत स्वतः दादासाहेब फिल्मची फीत डोळ्यांसमोर धरून तपासतांना दिसतात. भारत सरकारनें १९६९ पासून चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नांवें देण्यास सुरुवात केली आहे. त्यांचें ऋण त्यांच्या हयातींत फेडलें गेलें नाहीं. निदान त्याची कबुली तरी दिली गेली.

वाचकहो, आम्हीं आरंभीं म्हटलें तें पुन्हां सांगून हा लेख संपवितों. आज कोणत्याहि चित्रपटाच्या शेवटीं नांवांची लांबच लांब यादी पडद्यावरून सरकत जाते. रसायनशाळा अमुक, प्रकाशयोजना अमुक, भोजनव्यवस्था अमुक, अर्थसाहाय्य अमुक. बहुतेक प्रेक्षक त्या वेळीं उठून चालूं लागतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी बसून ती यादी वाचावी आणि मनांत आणावें कीं, यांतील कितीतरी कामें १९१३ सालीं दादरच्या एका घरांत एकच स्त्री करीत होती, आणि शिवाय मुलांनाहि वेळेवर जेवूं घालीत होती. दादासाहेबांना आपण जनक म्हणतों तें योग्यच आहे. पण जनक म्हटला म्हणजे जननीहि आलीच. तिचें स्मरण ठेवणें हें आपणां सर्वांकडे राहिलेलें काम आहे.